एका कुलपात दोन दारं

आमच्या घरात चोरण्यासारखं काहीही नव्हतं, आणि त्याच्या राखणीत अण्णांची उभी हयात गेली. अण्णा म्हणजे माझे वडील. एका सरकारी कचेरीत ते भांडारपाल होते. लोकांनी मागितलेली वस्तू शिल्लक नाही असं सांगण्याचा त्यांना पगार मिळायचा, आणि ते काम ते मन लावून करत. तिथं कपाटाला कुलूप, कपाट ठेवलेल्या खोलीला कुलूप, खोलीपुढच्या जाळीला कुलूप. संध्याकाळी ते हे सगळं घरी घेऊन यायचे. म्हणजे वस्तू नव्हे, स्वभाव. वस्तू आणल्या असत्या तर निदान चोरण्यासारखं काहीतरी घरात झालं असतं.

त्यांच्या येण्याची वर्दी किल्ल्यांचा जुडगा द्यायचा. शहागंजच्या मागच्या आमच्या गल्लीत आवाजांना तोटा नव्हता. टांग्यांची घुंगरं, मशिदीतली बांग, कोपऱ्यावर इमरती तळणाऱ्याचा कढईवर आपटणारा झारा, आणि नळाला पाणी आलं की बायांची भांडणं. पण या सगळ्यातून जुडग्याची छनछन आम्हाला बरोबर ऐकू यायची, आणि रेडिओ आपोआप बंद व्हायचा. जुडग्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं केव्हाच हरवलेली होती. त्या टाकून द्या म्हटलं की अण्णा विचारत, "अन् उद्या कुलूप सापडलं तर?" या संभाव्य आनंदाच्या दिवसासाठी ते ते लोखंड खिशात वागवत, आणि खिसा फाटत राही. माझी माय त्या खिशाला आतून मांजरपाटाचा दुहेरी तुकडा लावून शिवायची, तोही फाटायचा, आणि अण्णा म्हणायचे, "हल्ली दोरा चांगला येत नाय."

घर आमचं स्वतःचं होतं. पिशोरच्या शेतातला आपला वाटा थोरल्या काकांना देऊन त्या बदल्यात अण्णांनी हे घर केलं होतं, आणि गावाकडचे लोक आपापल्या परीनं त्यांच्या अकलेचं कौतुक करत. पुढं ओटा, ओट्यावर शेजारी शेजारी दोन दारं, मधे हातभर भिंत. डावीकडचं मोठं दार राहत्या घराचं. उजवीकडचं बुटकं दार एका अरुंद खोलीचं. या खोलीतून घरात जायला आतून वाट नव्हती, ओट्यावर येऊनच जावं लागे. आधी तिथं गोवऱ्या आणि सरपण असायचं. मायनं ते सगळं उपसलं, भिंतींना पांढरी माती दिली, भुई सारवली, आणि माहेरून आलेलं शिवणयंत्र तिथं मांडलं. दुपारी गल्लीतल्या पोरी शिवण शिकायला यायच्या. शेजारच्या नूरखालाची शबाना तर पहिल्या दिवसापासूनची. कुंच्या, झबली, पोलकी, आणि हात बसला की एखादीचा सलवार-कुडता. पोरी गेल्या की माय मोठ्या दाराला कुलूप घालायची, या खोलीत येऊन बसायची आणि दार आतून लोटून घ्यायची. मोठ्या कुलपाची किल्ली दिवसा तिच्याकडं असे, अण्णा घरी आले की त्यांच्याकडं जाई. खोलीला मात्र तिचं स्वतःचं कुलूप होतं, पितळेचं, लिंबाएवढं. त्याची किल्ली ती गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवून ठेवी.

ती आत काय करते याचं मला फार कुतूहल होतं. एकदा फटीतून पाहिलं. भिंतीला टेकून, पाय लांब करून ती बशीतून चहा पीत होती. बस, एवढंच. गाणं नाही, पोथी नाही, रडणं नाही. मला तेव्हा फसल्यासारखं झालं. आज तिच्या त्या वेळच्या वयाहून कितीतरी मोठी झाल्यावर मला कळतं की मोठ्या घरात मी तिला पाय लांब केलेलं कधी पाहिलंच नव्हतं. तिथं ती कायम उकिडवी असायची, भाकरी थापत, आमटीच्या पिठासाठी येसर भाजत, नाहीतर कुणीतरी मागितलेलं पाणी द्यायला उठायच्या बेतात. त्या खोलीत तिला कुणी पाणी मागत नव्हतं. मला तिचा हेवा वाटतो, आणि तेवढंच वाईटही वाटतं.

अण्णांना ते पितळी कुलूप दाताखालच्या खड्यासारखं लागायचं. "त्या खोलीत हाय काय?" ते विचारत.

"मशीन हाय," माय म्हणे.

"मग कुलूप कशाला?"

हा प्रश्न लोणच्याच्या फडताळाला कुलूप लावणारा माणूस विचारत होता. माय तोवर पुन्हा चुलीकडं वळलेली असे. अण्णांनी मात्र बराच विचार करून एक दिवस जेवताना निकाल दिला: "एका घराला दोन कुलपं म्हणजे दोन घरं. हे बरं नाय." माय आमटी वाढत होती. येसराची आमटी तशी दाट असते, पण त्या दिवशी ती जरा जास्तच हळू वाढली गेली.

पुढच्या सुट्टीच्या दिवसांत अण्णा यंत्र तयार करू लागले. जुन्या बाजारातून त्यांनी टांग्याच्या कमानीची एक पट्टी आणली आणि मोडक्या सायकलच्या ब्रेकच्या सळ्या आणल्या. दोन्ही दारांना बाहेरून आडवे सरकणारे अडसर बसवले. दोन दारांच्या मधल्या भिंतीत एक जाड खिळा ठोकून त्यावर पट्टी अशी बसवली की ती पाळण्यासारखी वरखाली व्हावी. पट्टीपासून एक सळई डाव्या अडसराला, एक उजव्या. पट्टीची मूठ खाली ओढली की दोन्ही अडसर एकदम आपापल्या दारावर सरकायचे. मग मूठ भिंतीतल्या कोयंड्याला लावायची आणि तिथं एकच कुलूप, अलीगढचं, नारळाएवढं. मूठ वर केली की दोन्ही दारं मोकळी. एक माणूस, एक किल्ली, एक कुलूप, दोन दारं. अण्णा इतके खूश होते की त्यांनी त्या दिवशी मला लोणच्याची जादा फोड दिली आणि फडताळाला कुलूप लावायचं विसरले.

मायचं पितळी कुलूप त्यांनी काढून घेतलं होतं. तिनं संध्याकाळी विचारलं, "माझं कुलूप कुठं हाय?"

"फडताळात ठिवलंय," अण्णा म्हणाले. "कुलूपबंद हाय. काळजी करू नको."

कुलूप कुलपात ठेवणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझा मुलगा मात्र त्याच वाटेवर आहे. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात साहेब आहे, आणि त्याच्या फ्लॅटच्या दाराला बोटाचा ठसा घेणारं कुलूप आहे. भांडी घासून माझी बोटं सुरकुतली की ते मला ओळखत नाही. मग मी जिन्यात बसून राहते आणि मनातल्या मनात अण्णांना नमस्कार करते. वारसा शेतजमिनीचाच असतो असं थोडंच आहे!

यंत्र पाहायला माणसं येऊ लागली. अण्णा त्यांना आधी चहा देत आणि मग प्रात्यक्षिक. मूठ ओढताना पट्टी बहुतेक वेळा मधेच अडकायची, मग खोबरेल तेल घालून, खांदा लावून ती हलवावी लागे. तेव्हा अण्णा म्हणत, "नवीन हाय, रुळंल." पिशोरहून थोरले काका आले. त्यांनी मूठ दोनदा वरखाली करून पाहिली, अडसर निरखले, आणि शेतकरी माणसाला सुचावा तसा साधा प्रश्न विचारला: "पन एक दार उघडं अन् एक बंद ठिवायचं असलं तर रे?"

"कशाला ठिवायचं?" अण्णा म्हणाले.

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "नाय, म्हंजी समजा."

"समजायचं कशाला? घर बंद तर सगळं बंद. उघडं तर सगळं उघडं."

नूरखाला भिंतीपलीकडून बघत होती. ती म्हणाली, "भाईसाब, ये तो दो बकरियाँ एक रस्सी में बांधे सरीखा हुआ. एक कू प्यास लगी तो दूसरी बी चलो नाले पे." सगळे हसले. अण्णाही हसले, कारण ती त्यांना तारीफ वाटली.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर हळूहळू मायला मिळत गेलं. आधी ती मोठ्या दाराला कुलूप घालून आपल्या खोलीत बसायची. आता तसं करायचं म्हटलं तर तिचंच दार बाहेरून बंद होणार. म्हणजे ती खोलीत असली की घर सताड उघडं, आणि उघड्या घरापाशी कुणीतरी बसलं पाहिजे हा अण्णांचा दुसरा नियम. मग पोरींना टाका दाखवता दाखवता ती दर घटकेला ओट्यावर येऊन डोकावायची. पोरी गेल्यावरचा चहा ती ओट्यावर, दोन्ही दारांच्या मधे, पट्टीखाली बसून प्यायची. येणारा-जाणारा बोलायचा, भाजीवाली टोपली टेकायची, कुणी पाणी मागायचं. पाय अर्थातच लांब करता येत नव्हते. अण्णांनी कचेरीत शिपाई बसतो तसा घरी एक बिनपगारी बसवला होता, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नव्हतं.

त्यातच एका दुपारी माय दळण घेऊन गिरणीवर गेली होती. मी तिच्याबरोबर होते. पोरी खोलीत काजं करत बसल्या होत्या. अण्णा सुट्टी घेऊन घरी आलेले. त्यांना कुठंसं जायचं होतं आणि घर उघडं टाकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी मूठ ओढली, कुलूप घातलं आणि निघून गेले. पोरी आत ओरडत राहिल्या. नूरखालानं बाहेरून त्यांना फटीतून धीर दिला, पाणी मात्र देता आलं नाही. आम्ही आलो तरी किल्ली नाहीच. अण्णा परतल्यावर सुटका झाली, तेव्हा शबाना सोडून सगळ्या रडून लाल झाल्या होत्या. शबाना एक झबलं पुरं करून बसली होती.

"पोरी आत होत्या!" माय म्हणाली.

"मंग? सुरक्षित होत्या की," अण्णा म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. दुसऱ्या दिवशी निम्म्या पोरी आल्या नाहीत. कोंडून ठेवणाऱ्या घरी कोण लेक पाठवील? मायनं तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट मागितलं. अण्णा जेवून सुपारी कातरत होते. ती म्हणाली, "माझ्या दाराला माझं कुलूप राहू द्या. अशानं वर्ग बुडंल माझा."

"तुझं दार?" अण्णांचा अडकित्ता थांबला. "दार घराचं असतं."

"मंग निदान दुसरी किल्ली करून द्या या कुलपाची."

"दुसरी किल्ली म्हंजी अर्धं कुलूप. अन् एकच असली म्हंजी ती कुठं हाय याचा घोळ नाय. इथून पुढं माझ्यापाशीच राहील." जुनी दिवसाची किल्लीही अशा रीतीनं गेली. मागायला गेली एक आणि होती तीही घालवून बसली. माय उठली, ताटं उचलली. मला आठवतं, तिचा हात सवयीनं गळ्यातल्या पोतीकडं गेला. तिथं पितळी कुलपाची ती बारकी किल्ली अजून होती. कुलूप फडताळात, किल्ली गळ्यात.

दिवाळीनंतर शबानाचं लग्न ठरलं. नवऱ्याकडून लाल रेशमाचं कापड आलं, आणि नूरखालानं ते कुठल्या शिंप्याकडं न नेता मायच्या मांडीवर आणून ठेवलं. "भाभी, मेरी बच्ची का जोडा तुम्हारेच हाथ का होना," ती म्हणाली. मायनं आयुष्यात नवरीचा जोडा, म्हणजे लग्नाचा पोशाख, शिवला नव्हता. ती कापडाकडं अशी बघत राहिली की जणू ते हलेल. मग ती कामाला लागली. त्या दिवसांत आमच्या घरी कधी भाकरीबरोबर नुसता ठेचा, तर कधी तोही शबानाच्या घरून. अण्णांनी त्याबद्दल तक्रार केली आणि ठेचा संपवला. पोरी पुन्हा एकेक करून येऊ लागल्या, काठाला जरीचा गोटा कसा लावतात ते बघायला. नवरीचा जोडा शिवणाच्या बाईंच्या हातून होतोय ही बातमी गल्लीत पसरली होती. जोडा चांगला झाला तर वर्ग राहणार होता. बिघडला तर गोवऱ्या पुन्हा आत यायला तयारच होत्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी जोडा तयार होऊन खोलीत दोरीवर टांगलेला होता. फक्त एका बाहीची शिवण जरा सोडायची होती. मेंदीच्या हाताला बाही घट्ट होऊ नये म्हणून माय माप घ्यायला टेप घेऊन शेजारी गेली, मागून मी टाचण्यांची डबी घेऊन. दोन्ही दारं उघडी. घरात अण्णा होते.

अण्णांनाही त्या दिवशी महत्त्वाचं काम निघालं होतं. दौलताबादच्या त्यांच्या एका मित्रानं यंत्र पाहिलं होतं, आणि त्याला आपल्या घराला आणि शेजारच्या गोठ्याला मिळून तसंच एक हवं होतं. कीर्ती अशी पसरत असताना लग्न वगैरे क्षुल्लक गोष्टींसाठी थांबायचं कसं? संध्याकाळच्या जेवणाला वेळेवर पोचण्याचा त्यांचा बेत पक्का होता, कारण नूरखालाकडं नान-खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, होता. ते हत्यारांची पिशवी घेऊन ओट्यावर आले, पाहतात तर घर उघडं आणि माणूस नाही. हाक मारायची त्यांची पद्धत नव्हती. कुलूप लावायची होती. त्यांनी लावलं, ओढून पाहिलं, आणि मोटार स्टँडच्या वाटेला लागले.

आम्ही परत आलो तर पट्टी खाली, अडसर दोन्हीकडं सरकलेले, आणि मधे अलीगढचं कुलूप. फटीतून लाल कापड दिसत होतं.

मी धावत जाऊन शबानाच्या मामांना सांगितलं, ते सायकलवर स्टँडकडं गेले आणि हात हलवत परत आले. मोटार सुटली होती. दौलताबादचा मित्र म्हणजे कोण, गावात राहतो की मळ्यात, कुणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या किल्ल्या आल्या, कपाटाच्या, ट्रंकेच्या, सायकलच्या. एका म्हातारबुवांनी कोंबड्यांच्या खुराड्याची आणली. अलीगढचं कुलूप कुणालाही दाद देईना. खिडकीला गज होते, तेही अण्णांनी स्वतःच बसवलेले. तिकडं मांडवात मोठी पातेली चढली होती आणि खलियाचा वास गल्लीभर सुटला होता. नूरखाला येऊन मायच्या शेजारी उभी राहिली. एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असलेली ती बाई हळूच म्हणाली, "भाभी, दुपेर की नमाज हुई के काजीसाब आते. बच्ची रोरी अंदर. क्या करना अब?"

मायनं दाराकडं पाहिलं. कुलपाकडं पाहिलं. मग ती मला म्हणाली, "शके, वरवंटा आण."

आमचा वरवंटा आतच होता, चोरांपासून सुरक्षित. मी नूरखालाचा आणला. मायनं पदर खोचला आणि कुलपावर नाही, तर कोयंडा जिथं भिंतीत रोवला होता तिथं पहिला घाव घातला. चुन्याचा पोपडा पडला. मग ती थांबलीच नाही. ती कधी मोठ्यानं बोलल्याचंही मला आठवत नव्हतं, आणि आता तिच्या तोंडून प्रत्येक घावाला एक हुंकार निघत होता, कांडण कांडताना बायका करतात तसा. बांगडी फुटली, मनगटावर रक्त आलं, तिचं लक्ष नव्हतं. मला भीती वाटत होती आणि आनंदानं नाचावंसंही वाटत होतं. म्हातारबुवा "अरे भिंत, भिंत" म्हणाले, पण नूरखालानं त्यांना डोळ्यांनीच मागं सारलं. भिंत वरून चुन्याची असली तरी पोटात मातीची होती. एकदम भसकन ढेकूळ निखळलं आणि कोयंडा, कुलूप आणि वीतभर भिंत असा सगळा ऐवज खाली आला. मूठ मोकळी होऊन वर उडाली, खट्ट आवाज झाला, आणि दोन्ही अडसर एकाच वेळी सरसर मागं सरकले. अण्णांचं यंत्र पहिल्यांदाच न अडकता, विनातेल, अगदी त्यांनी सांगितल्याप्रमाणं चाललं. पाहायला तेवढे तेच नव्हते.

माय आत गेली, हात पुसला, मनगटाला चिंधी बांधली आणि बाहीची शिवण सोडली. नमाजेच्या आत जोडा शबानाच्या अंगावर होता. ती लाल जोड्यात बाहेर आली तेव्हा बाया माना उंचावून बघू लागल्या. नूरखालानं तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि मग वळून मायच्याही डोक्यावरून फिरवून मोडली. माय तेव्हा रडली. जेवताना बायका विचारत होत्या, जोडा कुठल्या दुकानातला? नूरखाला म्हणत होती, "दुकान का नई जी, हमारी भाभी के हाथ का. बाजू के दरवाजे में बैठते उनो."

संध्याकाळी छनछन करत अण्णा आले. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्यात सीताफळांची. ओट्यावर भिंतीला भगदाड, खाली मातीचा ढीग, ढिगात कुलूप. मी दाराआडून बघत होते. मग ते वाकले, कुलूप उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, ओढून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर अभिमान दिसला.

"बघ," ते मायला म्हणाले, "कुलूप शाबूत हाय."

"व्हय," माय म्हणाली. "कुलूप लई चांगलं हाय. माणसंच बाहेर राहिली."

"मातीत ठोकलं, तिथं चुकलं. आता सिमिटात बसवतो."

"बसवा. तुमच्या दाराला." तिनं त्यांना तिच्या बाजूची सळई दाखवली. शेजारून मागून आणलेल्या पक्कडीनं वाकवून वाकवून तोडलेली होती. मग तिनं चिंधी बांधलेला हात पुढं केला. "माझं कुलूप द्या."

अण्णा काहीतरी बोलणार होते. शेजारून मांडवातल्या बायांचं गाणं येत होतं, आणि गल्लीतली दोन-चार माणसं सहज म्हणून ओट्यासमोर थांबली होती. अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं, भगदाडाकडं पाहिलं, त्या हाताकडं पाहिलं. आत जाऊन त्यांनी फडताळ उघडलं आणि ते लिंबाएवढं कुलूप आणून तिच्या हातावर ठेवलं. तिनं पोतीतली किल्ली लावून पाहिली. इतके दिवस पडून होतं तरी लागलीच फिरली.

यंत्र अण्णांनी सिमेंटात पुन्हा बसवलं, हे सांगितलंच पाहिजे. टांग्याची कमान, एक सळई, एक अडसर, एक मूठ आणि अलीगढचं कुलूप, हे सगळं मिळून आता एक दार बंद करायचं. साध्या कडीनं जे झालं असतं ते करायला त्यांना एवढी सामग्री लागत होती, पण पाहुण्यांना प्रात्यक्षिक चालूच राहिलं. कुणी विचारलं, ही दुसरी सळई अर्धवट का, तर म्हणत, "ती सोय ठिवलेली हाय." काका पुन्हा आले तेव्हा त्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "आता बरोबर हाय." अण्णांनी ते बोलणं मनावर घेतलं नाही. वर्ग मात्र भरू लागला, इतका की पोरी ओट्यापर्यंत येऊन बसायच्या. त्या गेल्या की बुटकं दार आतून लोटलं जाई, आणि मी फटीतून बघायचं सोडून दिलं होतं.

अण्णा माफी मागणाऱ्यांतले नव्हते, आणि तिनं ती कधी मागितलीही नाही. पण एका दुपारी ते कचेरीतून लवकर आले. नेहमीची छनछन नव्हती, म्हणून मला ते ओट्यावर चढेपर्यंत कळलंच नाही. खिसा तळातून पार गेला होता आणि जुडगा त्यांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला होता. बुटकं दार लोटलेलं, आत मशीन चालू. आजवर या घरातलं कुठलंही दार त्यांनी खांद्यानं ढकलूनच उघडलेलं मी पाहिलं होतं. ते दारापाशी गेले. खांदा पुढं झाला आणि थांबला. मग त्यांनी जुडगा डाव्या हातात घेतला, आणि उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी दार वाजवलं, अगदी हळू, परक्या घरी वाजवावं तसं.

मशीन थांबलं. "कोण हाय?"

"मी हाय."

"काय काम हाय?"

"खिसा फाटलाय."

आत एक पोरगी फिसकन हसली. मग मायचा आवाज आला, ना रागाचा ना गोडीचा, शिकवताना असायचा तसा. "थांबा जरा. पोरींचं संपू द्या."

मशीन पुन्हा चालू झालं. अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं, मी दिसले तर जरा ओशाळले, आणि ओट्याच्या कडेला बसले. ओंजळीत घरच्या, कचेरीच्या, हरवलेल्या कुलपांच्या अशा सगळ्या किल्ल्या होत्या, आणि त्यातली एकही त्या दाराची नव्हती. त्या वाजू नयेत म्हणून त्यांनी मूठ आवळली, आणि ते थांबले.